दोन्ही बटणं आम्हीच दाबलीत: ग्वाल्हेरच्या महापौर आणि ६६ पार्षदांना खुलं पत्र

आदरणीय महापौर शोभाजी सिकरवार आणि ग्वाल्हेर नगर निगमात (महापालिकेत) निवडून आलेले सगळे पार्षद म्हणजे नगरसेवक भाऊ आणि ताई,

सप्रेम नमस्कार आणि सगळ्यांचं मनापासून अभिनंदन.

१७ जुलै २०२२ ला निकाल लागला तेव्हापासून महाराज बाड्याच्या चौकात, सराफ्यात, दौलतगंजात, दूध आणायला गेलं तर तिथे, एकच वाक्य ऐकू येतंय की ५७ वर्षांनी ग्वाल्हेरात काँग्रेसचा महापौर बसला. बातमी मोठीच आहे. जनसंघाच्या काळापासून हे शहर भाजपचंच समजलं जायचं, अटलजी इथल्या शिंदे की छावणीतले, आमच्या मराठी मंडळींमधले नारायणराव शेजवलकर आणि नंतर विवेक शेजवलकर हे बापलेक दोघंही इथले महापौर झाले आणि दोघंही खासदार झाले, त्यामुळे ज्या घरात आजोबांपासून नातवापर्यंत एकाच चिन्हाला मत जात आलं तिथे सुद्धा या निकालावरून जेवताना वाद झालेत. पण त्याच दिवशी त्याच मोजणीतून अजून एक निकाल लागला आणि त्याबद्दल मात्र कोणी धड बोलत नाहीये. महापौर काँग्रेसच्या, २८,८०५ मतांच्या फरकाने. आणि परिषदेत ६६ पैकी ३४ पार्षद भाजपचे, काँग्रेसचे २५, अपक्ष ६ आणि बसपाचा १. म्हणजे खुर्ची एकाची आणि सभागृह दुसऱ्याचं. जबलपूरलाही तसंच झालंय, पण जबलपूरचं जबलपूरवाले बघतील, मला माझ्या शहराची काळजी आहे आणि म्हणून हे पत्र.

लोक गोंधळले, असं जे कोणी म्हणतंय त्यांना मला आधी सांगायचंय की लोक अजिबात गोंधळले नाहीत. ६ जुलैला मतदानाच्या पडद्यामागे गेल्यावर आमच्यासमोर दोन मतं होती, आधी महापौराचं आणि मग पार्षदाचं, दोन वेगवेगळ्या यादीतून, आणि दोन्ही बटणं दाबल्याशिवाय मत पूर्ण होत नव्हतं. तिथे उभं राहून माणूस विचार करतो हो. माझ्या ओळखीत कितीतरी जण असे आहेत ज्यांनी वर पंजा दाबला आणि खाली कमळ, आणि उलटंही केलंय लोकांनी, आणि काहींनी वॉर्डात दोन्ही पक्षांना सोडून त्या अपक्षाला मत दिलं जो रात्री अकराला फोन उचलतो. अर्थात सगळा निकाल यानेच झाला असं मी म्हणणार नाही, कारण महापौराचं मत सगळ्या शहराचं मिळून मोजलं जातं आणि पार्षदाचं वॉर्डापुरतं, एखाद्या वॉर्डात पाच हजारांनी पुढे गेलात तरी पार्षद एकच मिळतो आणि दुसरीकडे पन्नास मतांनी जिंकलात तरी एकच. पण दोन्ही मिळून अर्थ हाच निघतो ना, की लोकांनी कोणाही एकाच्या हातात सगळ्या किल्ल्या दिल्या नाहीत.

आणि कोणाला वाटत असेल की नियमच असा होता म्हणून हे झालं, तर नियमाची गोष्ट पण सगळ्यांना आठवत असेलच. २०१९ मध्ये राज्यात काँग्रेसचं सरकार असताना ठरलं होतं की महापौर पार्षदांनीच निवडायचा. तो नियम राहिला असता तर आज ३४ च्या जोरावर महापौर भाजपचा असता. नंतर भाजपच्या सरकारने तो बदलला आणि याच वर्षी महापौराची निवड पुन्हा थेट लोकांकडे आली, आणि त्या थेट निवडणुकीत काँग्रेस जिंकली. तेव्हा दोन्ही पक्षांनी आपापल्या वेळी आपल्या सोयीचं बघून झालंय, आता जे आलंय ते लोकांनी दिलंय, ते मनापासून मान्य करा आणि कामाला लागा.

माझी भीती काय आहे ती स्पष्ट लिहिते. निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून एक भाषा सुरू झालीये. एक बाजू म्हणते, आमच्याकडे परिषद नाही तर आम्ही करणार काय. दुसरी बाजू म्हणते, महापौर आमच्या नाहीत तर विचारा त्यांनाच. आणि बाड्यावर चहा पिणारे म्हणतात की आता पाच वर्षं काही होत नाही, वरून पैसा येणार नाही, कमिश्नर सरकारचे, सरकार भाजपचं, संपला विषय. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण हे जर पहिल्या आठवड्यातच सगळ्यांनी मानून टाकलं तर २०२७ पर्यंत प्रत्येक उघड्या नाल्याचं उत्तर तयार आहे, आम्ही तर करत होतो पण त्यांनी करू दिलं नाही. दोन्हीकडून हेच उत्तर येईल आणि आम्ही मध्ये उभे.

आम्ही आत्ताच अडीच वर्षं बिनमालकाची काढलीत हे विसरू नका. मागच्या परिषदेची मुदत जानेवारी २०२० मध्ये संपली, मग कोरोना आला, मग ओबीसी आरक्षणाचा मामला सुप्रीम कोर्टात गेला, यंदा मे महिन्यात दहा तारखेला एक आदेश आणि अठराला दुसरा, आणि तेव्हा कुठे निवडणूक झाली. त्या अडीच वर्षांत निगम प्रशासकाच्या हातात होतं. अधिकाऱ्यांनी काम केलं नाही असं मला म्हणायचं नाहीये, कोरोनात खूप जणांनी जीव धोक्यात घालून केलं. पण अधिकारी मोहल्ल्यातला नसतो. दुसऱ्या लाटेत एप्रिल-मे २०२१ मध्ये जेव्हा घराघरात माणसं आजारी होती तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला कोणाला फोन करायचा हेच कळत नव्हतं, लोक माजी पार्षदांना फोन करत होते ज्यांच्या हातात कागदोपत्री काहीच नव्हतं, आणि त्यातल्या काहींनी पक्ष वगैरे न बघता सिलेंडरसाठी, औषधांसाठी धावपळ केली, ते लोक विसरलेले नाहीत. पार्षद असणं म्हणजे काय ते आम्हाला पार्षद नव्हते तेव्हा कळलं. म्हणून ही निवडणूक आमच्यासाठी नुसती पक्षांची कुस्ती नव्हती.

शोभाजी, आता तुमच्याशी बोलते. तुमचे यजमान आमदार आहेत, त्यांचं काम आणि त्यांची माणसं या दोन्हीचा तुम्हाला फायदा झाला हे सगळं शहर जाणतं आणि त्यात गैर काही नाही. पण मत तुमच्या नावावर पडलंय. मशीनवर तुमचं नाव होतं. तेव्हा निगमाच्या खुर्चीवर तुम्हीच बसा, फाइल तुम्हीच वाचा, पत्रकारांनी विचारलं तर उत्तर तुम्हीच द्या, चुकीचं निघालं तरी चालेल, लोक समजून घेतील. आणि तुमच्यासोबत खाती सांभाळणाऱ्या महापौर परिषदेत म्हणजे एमआयसीत जे दहा जण घ्यायचे ते तुमच्या हातात आहेत, ते निवडून आलेल्या पार्षदांमधूनच घ्यायचे आहेत, तर गटातटाचा हिशोब करून घेऊ नका. पाण्याचं खातं त्याला द्या ज्याला मोतीझीलच्या प्लांटमधून पाणी कुठल्या टाकीत जातं आणि तिथून कुठल्या मोहल्ल्यात किती वाजता सुटतं हे माहीत आहे.

भाजपच्या ३४ जणांना माझं म्हणणं असं की तुमच्याकडे बहुमत आहे, पण काठावरचं आहे. ६६ मध्ये ३४. बजेट तुमच्या मताशिवाय पास होणार नाही, म्हणजे शहराची तिजोरी उघडायची किंवा बंद ठेवायची ताकद तुमच्याकडे आहे. ती वापरा, जरूर वापरा, एकेका कामाचा हिशोब मागा, ठेके कोणाला गेले विचारा, खोटं बिल दिसलं तर अडवा. पण ज्या वॉर्डातून काँग्रेसचा पार्षद आलाय तिथली सीवर लाइन अडवू नका. त्या वॉर्डात तुमचे पण मतदार राहतात. महापौराच्या निवडणुकीत ज्यांनी तुम्हाला मत दिलं ते दोन लाखांच्या वर लोक काही एकाच मोहल्ल्यात गोळा होऊन राहत नाहीत.

काँग्रेसच्या २५ जणांनो, आपली महापौर आहे म्हणून परिषदेत गप्प बसू नका, एवढंच.

आणि सहा अपक्ष आणि एक बसपा, तुमच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तुम्हाला लोकांनी कुठल्याही मोठ्या पक्षाची लाट नसताना निवडून दिलंय, म्हणजे ते मत पूर्ण तुमच्या चेहऱ्याला आणि तुमच्या कामाला आहे. आता परिषदेची बैठक चालवणाऱ्या सभापतीची निवडणूक होईल, तिथे तुमचं एकेक मत मोलाचं होणार आहे, आणि आपल्या राजकारणात अशा वेळी निवडून आलेल्या माणसांना बसमध्ये बसवून शहराबाहेर हॉटेलात नेऊन ठेवायची पद्धतच पडून गेलीये. माझी हात जोडून विनंती आहे, जाऊ नका. कोणाला मत द्यायचं ते द्या, तो तुमचा हक्क आहे, पण घरी झोपा, सकाळी आपल्या वॉर्डात फिरा, आणि मत देऊन आल्यावर वॉर्डातल्या लोकांना सांगा की मी अमक्याला या कारणासाठी दिलं. नेत्याला सांगण्याआधी लोकांना सांगा. हे दोन्ही पक्षांच्या पार्षदांनाही लागू आहे. पावसाळा चालू आहे, नाले तुंबलेत, आणि आमचा पार्षद कुठे आहे तर दुसऱ्या राज्यात स्विमिंग पूलपाशी, हे कोणाला सहन होईल सांगा बरं.

आता एक विषय जो मला आतून लागतो. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, महापौरपद पण यावेळी महिलांसाठी होतं, आणि मला याचा फार आनंद आहे, कारण पाणी कधी येतं, कचऱ्याची गाडी आली की नाही, नाली कुठे उपसली नाही, हे घरात सगळ्यात आधी बाईला कळतं. पण निकालाच्या दिवशी एक जुलूस आमच्या भागातून गेला तो मी गच्चीवरून पाहिला. उघड्या जीपवर पुढे नवरा उभा, गळ्यात हारांचा ढीग, हात जोडून सगळीकडे वळतोय, गुलाल त्याच्यावर, घोषणा त्याच्या नावाच्या. निवडून आलेली बाई मागच्या सीटवर बसलेली, डोक्यावर पदर, एकच हार, आणि मांडीवर लहान मूल झोपलेलं. एका पोराने खालून ओरडून विचारलं, अरे पार्षद कोण आहे, तर कार्यकर्त्याने नवऱ्याकडे बोट दाखवलं. कुठला वॉर्ड, कुठला पक्ष ते मी लिहीत नाही कारण हे एका वॉर्डाचं नाहीच आहे, पार्षदपती हा आपल्याकडे जणू पदच होऊन बसलाय, कार्डावर नंबर त्याचा, ऑफिसात खुर्ची त्याची, मोहल्ल्यातले लोक सुद्धा त्यालाच पार्षदजी म्हणतात.

ताईंनो, मी तुमच्या घरातल्या गोष्टीत पडत नाहीये. नवऱ्याने मदत करावी, का नाही करावी, गाडी चालवावी, फॉर्म भरून द्यावेत, घरी पोरं सांभाळावीत. पण फोन तुमच्याकडे ठेवा. परिषदेत स्वतः उभ्या राहा आणि स्वतः बोला, पहिल्यांदा आवाज कापेल, दुसऱ्यांदा कमी कापेल. आमच्या सारख्या बायका तुमच्या दारात आल्या तर आम्हाला तुमच्याशी बोलायचं असतं, बैठकीत बसलेल्या चार पुरुषांसमोर घरातल्या संडासाच्या लाइनची गोष्ट कशी सांगायची हो. आणि दोन्ही पक्षांच्या नेत्यांना पण सांगते की निगमाच्या बैठकीत पार्षदाच्या जागी तिचा नवरा, दीर किंवा मुलगा येऊन बसला तर त्याला बाहेर बसवा, कोणाचाही असो. सुरुवात महापौरांपासून झाली तर बाकी कोणाची हिंमत होणार नाही.

पाण्यावर येते, कारण निवडणुकीत सगळ्यांनी सगळ्यात जास्त आश्वासनं यावरच दिलीत. हे शहर अजून तिघऱ्यावर जगतंय. सांक नदीवरचं हे धरण माधवराव महाराजांच्या काळातलं, शंभर वर्षांच्या वर झाली, १९१७ मध्ये ते एकदा फुटलं सुद्धा होतं आणि परत उभं केलं. तेव्हाच्या लष्कर आणि मुरार या शहराच्या भागांना पुरेल अशा हिशोबाने बांधलेलं धरण आणि २०११ च्या जनगणनेतच शहर साडेदहा लाखांचं. ग्वाल्हेरातला म्हातारा माणूस पावसाळ्यात पहिला प्रश्न हाच विचारतो, तिघऱ्याची लेव्हल किती झाली, ७४० फुटाला पोचलं का. ७४० भरलं की सगळ्यांचा जीव खाली येतो, आणि नाही भरलं तर उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी. चंबळचं पाणी आणायची गोष्ट आम्ही इतक्या निवडणुकांपासून ऐकतोय की आता तरुण पोरं त्याच्यावर लक्षच देत नाहीत. मला आश्वासन नकोय, मला कागद दाखवा. चंबळच्या योजनेचं काम कोणत्या टप्प्यावर आहे, पैसा कोण देणार, केंद्र किती, राज्य किती, निगम किती, हे परिषदेच्या पहिल्या बैठकीत महापौरांनी वाचून दाखवावं आणि विरोधातल्या ३४ जणांनी त्याला दुरुस्त करावं. केंद्रात आज, २०२२ मध्ये, या भागाचे दोन मंत्री आहेत, नरेंद्र सिंह तोमर आणि ज्योतिरादित्य शिंदे, राज्यात सरकार भाजपचं, तर भाजपच्या पार्षदांनी भोपाळ-दिल्लीचा रस्ता उघडायचा आणि महापौरांनी इथलं काम तयार ठेवायचं. यात दोघांचंही नाव होईल, दोघांनीही फोटो काढा, आमची हरकत नाही.

आणि चंबळ येईल तेव्हा येईल, जे आहे ते तरी नीट वाटा. लष्करच्या जुन्या गल्ल्या, चिटणीस की गोठ, निंबाळकर की गोठ, फालके बाजार, जनकगंज, इथे सकाळी पाणी सुटलं की एकदम सगळ्या घरांतून टिल्लू पंपांचा, म्हणजे नळाला जोडून पाणी ओढणाऱ्या छोट्या पंपांचा, घरघर आवाज सुरू होतो. ज्याचा पंप मोठा त्याच्याकडे गच्चीवरची टाकी भरून वाहते, आणि गल्लीच्या टोकाच्या घरातली आजी नळाखाली वाटी ठेवून बसलेली असते कारण बादली भरेल एवढी धारच नाही. हा प्रश्न सोडवायला ना चंबळ लागते ना मंत्री लागतात. पाणी सुटायची वेळ ठरलेली असावी, प्रेशर पुरेसं असावं आणि टिल्लूवर खरंच कारवाई व्हावी, आणि कारवाई करायला गेल्यावर पार्षदाने फोन करून आपला माणूस आहे, सोडा, असं म्हणू नये. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे हे मला माहीत आहे, कारण टिल्लूवाला पण मतदार आहे.

केंद्राच्या अमृत योजनेत शहरभर पाण्याच्या आणि सीवरच्या लाइनी टाकल्या गेल्या, त्यासाठी रस्ते खणले गेले, कुठे नीट भरले, कुठे नुसती माती लोटून दिली. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वॉर्डाच्या कार्यालयाबाहेर एक बोर्ड लावा, या वॉर्डात कुठली लाइन टाकली, कोणी टाकली, किती पैसे झाले, रस्ता परत करायची जबाबदारी कोणाची आणि कधीपर्यंत. हे करायला बजेटही नको आणि बहुमतही नको, ६६ च्या ६६ पार्षद आपापल्या वॉर्डात उद्या करू शकतात.

स्वर्णरेखाबद्दल मी फार लिहीत नाही, लिहायला गेले तर पत्र संपणार नाही. नदी होती, सिमेंटचा तळ आणि सिमेंटच्या भिंती करून तिचा नाला केला, आणि आता पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. निदान घरांचं सीवर तिच्यात सोडणं बंद करा, सुशोभीकरण नंतर करा. केदारपूरला कचरा साठत चाललाय त्याचंही तेच, गाड्या घरून कचरा उचलून तिथे नेऊन ओततात आणि आपल्याला वाटतं शहर स्वच्छ झालं, पण तिथे आसपास राहणारी माणसं पण निगमाचीच मतदार आहेत. निगमात नंतर जोडलेल्या गावांचंही ऐका, तिथे कर निगमाचा आणि सोयी गावाच्या, असं होऊन बसलंय.

मतदान निम्म्याहून कमी झालं, हे तुम्हा सगळ्यांच्या विजयावरचं मोठं प्रश्नचिन्ह आहे. लाट कोणाचीही असो, शहरातली अर्धी माणसं आलीच नाहीत. काहींनी आळस केला, पाऊस होता, मान्य. पण कितीतरी लोक आले आणि परत गेले. एकाच घरातल्या चार जणांची नावं वेगवेगळ्या केंद्रांवर, म्हातारा एका शाळेत आणि म्हातारी दुसऱ्या शाळेत, वर्षानुवर्षं मत देणाऱ्याचं नाव यादीतच नाही, स्लिप बऱ्याच घरी पोचलीच नाही. दोष कोणाचा तो ज्याने शोधायचा तो शोधेल, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत प्रत्येक पार्षदाने आपल्या वॉर्डाची यादी घेऊन घरोघर जावं, आपला मतदार कोण आणि दुसऱ्याचा कोण हे न बघता. हे काम निवडणुकीच्या महिन्यात होत नाही, मधल्या वर्षांत होतं.

इथे मला माझ्या मराठी लोकांनाही दोन शब्द बोलायचेत, पत्र खुलं आहे म्हणून तेही वाचतील. आपण लोक गोठांमधून, वाड्यांमधून पिढ्यानपिढ्या राहतोय, गणपती आला की वर्गणी, आरास, आरत्या, सगळं जोरात करतो, पण पार्षदाच्या दारात जायला आपल्याला कमीपणा वाटतो. पोरं पुण्याला, बंगलोरला गेली, घरात दोन म्हातारी माणसं राहिली, आणि आपण म्हणतो जाऊ दे, आता आपलं काय राहिलंय. खूप राहिलंय. महापौर मराठी होते तेव्हा आपली कामं आपोआप होतात असं आपल्याला वाटायचं, खरं तर तेव्हाही होत नव्हती, सांगणाऱ्याचीच होत होती. आता नवी माणसं आलीत, त्यांना आपले वाडे, आपल्या गल्ल्या, पडायला आलेली जुनी घरं यांची माहिती आपणच द्यायची आहे. आपला पार्षद मराठी नसला तरी आपला पार्षदच आहे.

आणि पार्षदांनो, लोकांना यायला जागा पण द्या. तीन लाखांच्या वर वस्ती असलेल्या शहरात वॉर्ड समित्या असल्याच पाहिजेत असं संविधानात लिहिलंय, ७४ व्या दुरुस्तीपासून, म्हणजे १९९३ मध्ये ती लागू झाल्यापासून. आमच्या मोहल्ल्यात विचाराल तर वॉर्ड समिती म्हणजे काय हे दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. महापौर एका पक्षाची आणि परिषद दुसऱ्याची असताना भांडणं होणारच, ती वरच्या वर मिटणार नाहीत, पण खाली वॉर्डात दर महिन्याला लोक बसले, पार्षद आला, निगमाचा इंजिनिअर आला आणि काय झालं, काय राहिलं ते सगळ्यांसमोर लिहिलं गेलं तर कोण अडवतंय ते झाकून राहणार नाही. परिषदेची बैठक पण दर दोन महिन्यांनी घ्याच आणि ती मोबाइलवर थेट दाखवा. आम्हाला बघू द्या आमचा पार्षद बोलतो का नुसता बाकं वाजवतो.

सगळ्यात आधीचं काम मात्र समोर उभं आहे. ३१ ऑगस्टला गणेश चतुर्थी आहे. दोन वर्षं कोरोनामुळे मंडपही नीट लागले नाहीत, यावेळी सगळं शहर उतरणार आहे, मराठी-हिंदी सगळेच, आणि विसर्जनाला सागरताल तलावावर गर्दी होणार. तेव्हा शपथ झाल्या झाल्या महापौर, सभापती जे कोणी होतील ते, आणि त्या भागातले दोन्ही पक्षांचे पार्षद, असे एकत्र सागरतालला जा. बॅरिकेड, दिवे, गोताखोर, क्रेन, लहान मूर्तींसाठी वेगळं कुंड, बायकांना आणि म्हाताऱ्यांना उभं राहायला जागा, निर्माल्याची गाडी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सफाई, ही यादी तिथेच उभं राहून करा आणि कोणाकडे काय ते नावासकट छापा. पंधरा ऑगस्टपर्यंत ती यादी आमच्या हातात आली तर बरं होईल, म्हणजे मंडळांनाही आपापली तयारी करता येईल.

कळावे,
आपली,
लष्करमधली एक मतदार
जुलै २०२२